वेंडेलिनच्या कपाटातला साचा

१

रुतिएग डोंगराच्या माथ्यावर एक छोटं चॅपेल आहे. आत गुराख्यांचा संत वेंडेलिन उभा आहे आणि त्याच्या पायाशी एक लाकडी कपाट. कपाटात मेणबत्त्यांचा खोका, वेदीवरची इस्त्री केलेली वस्त्रं, आणि सगळ्यात खालच्या वस्त्रात गुंडाळून ठेवलेला, दोन तळहातांत मावेल एवढा एक लाकडी साचा. रविवारी सकाळी प्रार्थनेची तयारी करायला गुराखी योस्त हेर्गरने ते कपाट उघडलं. खोका जागेवर होता. वस्त्रं जागेवर होती. साचा नव्हता.

योस्तने आरडाओरडा केला नाही. त्याने छातीवर क्रूसाची खूण केली, कपाट पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि मग धुक्यातून पाय ओढत लिफ्टच्या वरच्या स्थानकाकडे निघाला.

योझेफा बिसिग तेव्हा पहिल्याच खुर्चीतून वर येत होती. आल्टडोर्फच्या पोलिसात तिने गुन्हे उकलण्यात उमर घालवली, आणि निवृत्त झाल्यावर तिला एक खूळ लागलं. कुणी फुलपाखरं जमवतं, कुणी तिकिटं. ही जुन्या स्की-लिफ्ट शोधत फिरायची. अशा खुळ्यांचं एक मंडळही होतं. कुठल्या डोंगरात कुठली जुनी लिफ्ट अजून चालते, खांबाची घडण बघून ती कुणी आणि कधी बांधली हे ओळखायचं, आणि मोडीत निघायच्या आत एकदा तरी तिच्यात बसून यायचं, हेच त्यांचं तीर्थाटन.

आणि रुतिएग म्हणजे त्यातलं मोठं क्षेत्र. इथल्या खुर्चीत दोघं जण आडवे बसतात, तोंड डोंगराकडे नाही, दरीकडे. खुर्ची दोराला धरून ठेवणारा लोखंडी चाप स्थानकात आला की आपोआप सुटतो, आणि निघताना खुर्चीच्याच वजनाने पुन्हा आवळतो. अशा बनावटीच्या आता दोनच लिफ्ट उरल्या होत्या. एक ही, आणि एक डोंगरापलीकडे वॅलिसमध्ये. तीही दोन हिवाळे बंद. चाप झिजतात. नवे ओतायचे तर वाळूत साचा दाबून ठसा घ्यावा लागतो. आणि साचा जगात एकच, तो वेंडेलिनच्या पायाशी. कोरडी जागा, कीड नाही, शिवाय राखण संताची. मेल्क इमहोल्झच्या बापाने तो तिथे ठेवला आणि मेल्कने तिथून हलवला नाही.

मेल्क म्हणजे या लिफ्टचा चालक. पंच्याहत्तरीला टेकलेला, हाताला कायम वंगणाचा वास.

योझेफा खुर्चीतून उतरली तेव्हा तो तरफेजवळच्या बाकावर बसला होता आणि योस्त त्याच्यासमोर टोपी हातात धरून उभा होता.

"काय झालं रे?" तिने विचारलं. इतक्या उंचीवर सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात. अहो-जाहो खालच्या खांबाला टांगून यायचं असतं.

"साचा गेला," योस्त म्हणाला.

मेल्क दरीकडे बघत म्हणाला, "दुपारी कँटन सरकारचे साहेब येणार. साचा दाखवा, नवे चाप ओतता येतात हे दाखवा, तर परवाना वाढवतो, म्हणाले होते. नाही तर थंडीच्या आधी खांब कापायचे."

त्याने हे अगदी सरळ सांगितलं, कुणा दुसऱ्याच्या गायीबद्दल सांगावं तसं. योझेफाला त्याच्या आवाजापेक्षा त्याच्या हाताचीच भीती वाटली. तो हात बाकाची फळी सोडत नव्हता.

२

योझेफा आधी चॅपेलात गेली. वस्त्रं बघितली. साचा ज्या वस्त्रात होता ते उलगडून पुन्हा घडी घातलेलं होतं, कोपऱ्याला कोपरा जुळवून. चोराला घाई होती, पण वेदीचं वस्त्र चुरगळून टाकायला त्याचा हात धजला नव्हता. हे तिने मनात ठेवलं.

"शेवटचा कधी बघितलास?" तिने योस्तला विचारलं.

"काल संध्याकाळी. सांजेची हाक द्यायच्या आधी मी रोज इथे मेणबत्ती लावतो. खोका परत ठेवताना हात लागला ना त्याला. होता."

"आणि नंतर?"

"हाक संपल्यावर मेणबत्ती विझवायला आलो, तर दार किलकिलं. मला वाटलं आमचीच एखादी बकरी. आमच्या बकऱ्या फार धार्मिक आहेत." तो हसला नाही. "कपाट काही उघडलं नाही मी."

सांजेची हाक म्हणजे या डोंगरातली फार जुनी रीत. दिवस मावळला की गुराखी टेकाडावर उभा राहतो, दूध गाळायचं लाकडी नरसाळं तोंडाला लावतो, आणि देवाला, मरियेला, संतांना गाऊन आळवतो: हे कुरण सांभाळा, ही गुरं सांभाळा, आवाज पोचेल तिथवरच्या सगळ्या जिवांना सांभाळा. जिथवर हाक पोचली तिथवर रात्री वाईट काही फिरकत नाही, अशी श्रद्धा. योस्तचा गळा असा, की नास्तिकानेही टोपी काढावी. तो तीन दिशांना फिरून हाक देई. चौथी दिशा वॅलिसची. तिकडे हेर्गरांच्या घरातलं कुणी नरसाळं वळवत नसे.

काल दिवसभर धुकं होतं. मंडळी सकाळपासून खालीवर फेऱ्या मारत होती, आणि दुपारी मेल्कने कौतुकाने कपाट उघडून सगळ्यांना साचा दाखवला होता. योझेफा शेवटच्या फेरीत उतरायला बसली. पुढच्या खुर्च्यांत मंडळातले दोघे: हॉलंडचा वाउटर टेर होर्स्ट, शाळामास्तरकीतून निवृत्त झालेला, आणि झुरिकची कॉर्नेलिया, जुनं सामान घेऊन हॉटेलांना विकणारी. तिसरा, एरविन वेनेत्स, वॅलिसचा वायरमन, मागून येणार होता. तो प्रत्येक लिफ्टची सबंध फेरी चित्रित करायचा, आणि त्याला पुढच्या चार-दोन खुर्च्या रिकाम्या लागायच्या.

तेवढ्यात वरून हाक सुरू झाली. योझेफाने डोळे मिटले, हात जोडले. खाली धुकं, वर धुकं, एक खिळासुद्धा कुरकुरत नव्हता, आणि त्या शांततेत योस्तचा आवाज असा येत होता, की वाटावं, आपल्याला कुणी तळहातावर उचलून घेतलंय आणि खाली ठेवायची त्याला घाई नाही. हाक संपली, खुर्चीला हलका हिसका बसला, तेव्हा तिने डोळे उघडले.

हे सगळं आठवत ती स्थानकावर परतली, तोवर तिघंही वर येऊन पोचले होते. वाउटरने ऐकून घेतलं आणि वर्गात गणित सोडवावं तसं बोट वर केलं.

"म्हणजे चोरी हाक चालू असतानाच झाली. तेव्हा योस्त टेकाडावर गात होता, ते सगळ्यांनी ऐकलं. आम्ही चौघं खुर्च्यांत. मग वर उरला कोण?"

सगळ्यांची नजर आपोआप एकाच माणसाकडे गेली.

मेल्कने टोपी हातात फिरवली.

"मला बोलायचं नव्हतं," कॉर्नेलिया खालच्या आवाजात म्हणाली, "पण काल मी त्यांना साच्याची किंमत विचारली होती. चांगला आकडा सांगितला होता. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं."

३

"नाही का म्हटलं नाहीस?" योझेफाने मेल्कला बाजूला घेऊन विचारलं.

"चाकाला तेल देत होतो. तिला वाटलं विचार करतोय."

"आणि आत्ता का गप्प?"

"आता काय बोलू? वर मीच होतो की."

योझेफाने जन्मभर खोटं बोलणारे बघितले होते. ते इतकं कमी बोलत नाहीत. पण दुपारी येणाऱ्या साहेबांना हे सांगून काय उपयोग?

ती वाउटरकडे गेली. तो थर्मासमधून कॉफी ओतत होता.

"वाउटर, तुलाही तो साचा आवडला होता."

"आवडला होता. मला ड्रेस्डेनचा पूलही आवडतो, पण तो मी पिशवीत घालून आणला नाही. तू मला विचारतेस म्हणजे मी संशयित? बायकोला कळवतो, तिला बरं वाटेल. ती म्हणते माझ्यात रहस्य काही उरलं नाही."

"हाक चालू होती तेव्हा कुठे होतास?"

"नवव्या खांबाशी. त्या खांबाच्या बगलेला चौदा बोल्ट आहेत, त्यातले दोन नंतर बदललेले. वरच्या आडव्या पट्टीचा रंग मूळचा, खालचा नवा. हे सगळं लिहून काढलं मी, आणि थर्मास खाली पडेल म्हणून तेवढ्यात कॉफीही पिऊन घेतली."

"धुक्यात इतकं दिसलं?"

"नाकासमोर होता तो."

कॉर्नेलिया स्थानकाच्या भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला उंचीची भीती, आणि तरी दर सुट्टीला ती कुठल्या ना कुठल्या दोराला लोंबकळायला यायची.

"फ्राउ बिसिग, मी विकत घेते. चोरत नाही," ती म्हणाली. अहो-जाहो तिने खाली सोडलं नव्हतं. "चोरलेलं विकता येत नाही. पहिलंच गिऱ्हाईक विचारतं, कागद कुठेत."

"हाकेच्या वेळी?"

"डोळे गच्च मिटून बसले होते, देवासाठी नाही, भीतीने. गाणं चालू होतं, आणि खाली कुठेतरी एक गाय चरत होती. तिची फुटकी घंटा सारखी माझ्या डाव्या कानात. गाणं संपेपर्यंत तीच एक घंटा, त्याच कानात. वैताग आला होता."

एरविन पायऱ्यांवर बसून कॅमेऱ्याची काच पुसत होता. पन्नाशीचा, मऊ बोलणारा. काल रात्रीच्या जेवणाला तो सगळ्यांत शेवटी आला होता. खालच्या स्थानकातलं चाक चित्रित करत राहिलो, म्हणाला. मोजे घालूनच मॅकरोनी आणि सफरचंदाची चटणी खाल्ली, कारण बूट चुलीपाशी वाळत होते. मग खोलीत जाऊन जोडाजोड करून आला, आणि खानावळीच्या भिंतीवर त्याने सगळ्यांना फिल्म दाखवली: धुक्यातून उतरणारी रिकामी खुर्ची, एकामागून एक येणारे खांब, आणि त्यावर योस्तची हाक, अथपासून इतिपर्यंत. वाउटरने त्याला मिठी मारली होती. योझेफाचे डोळे ओले झाले होते.

"तू कुठे होतास हे विचारायला नको," योझेफा म्हणाली.

"फिल्ममध्ये आहेच की." तो वर न बघता म्हणाला. "मेल्कचं काय होणार गं?"

"साचा नाही मिळाला, तर लिफ्ट जाईल. आणि साचा त्यानेच विकला म्हणून लोक त्याचं नावही घेणार नाहीत."

एरविनच्या हातातलं फडकं थांबलं. मग पुन्हा काच पुसू लागलं, पुसून झालेलीच.

४

यंत्राच्या खोलीत मोठं चाक फिरत होतं आणि मेल्क तरफेपाशी उभा होता. प्रार्थनेला गावकरी वर येऊ लागले होते. एकेक खुर्ची यायची, चाप सुटायचा, मेल्क खुर्चीला हात देऊन पुढे ढकलायचा. जन्मभर हेच केलं होतं त्याने, आणि अजूनही प्रत्येक खुर्ची हलक्या हाताने घ्यायचा.

योझेफाला एक आधार सुचला होता. ती तो घेऊनच आली.

"मेल्क, चाक फिरत असताना चालकाला जागा सोडता येते?"

"नाही. नियम आहे. आणि नियम नसता तरी नाही."

"मग झालं. काल आम्ही सगळे दोरावर होतो. तू इथून हललाच नसणार. चॅपेल इथून टेकाडाच्या पलीकडे. जाऊन यायचं म्हणजे वेळ लागतो. साहेबांना मी हेच सांगते."

मेल्कने एक खुर्ची घेतली, पुढे ढकलली.

"असं नको सांगू," तो म्हणाला.

"का?"

"कारण ते खरं नाही. हाक चालू असते तेव्हा चाक फिरत नसतं. मी थांबवतो."

योझेफाने फिरत्या चाकाकडे बघितलं.

"योस्तने नरसाळं तोंडाला लावलं की मी तरफ ओढतो. बाहेर जाऊन उभा राहतो, टोपी काढतो. त्याचं झालं की पुन्हा सोडतो. बाप तेच करायचा. लोक दोरावर असले तर असू देत. देवाचं नाव घेताना माणसाने हलू नये, आणि यंत्रानेही हलू नये. सरकारी नियमात बसत नाही, म्हणून कुणाला सांगत नाही. जुनी लिफ्ट आहे, अडली असेल, असं लोक समजतात."

"म्हणजे तेव्हा तुझे हात मोकळे होते."

"मोकळे कुठले? जोडलेले होते," मेल्क म्हणाला. "पण ते बघायला कोण होतं?"

एकच आधार होता, तोही त्या खऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने काढून घेतला. तिने सहज, काही तरी विचारायचं म्हणून विचारलं, "एरविन बसला तेव्हा तू इथेच होतास?"

"तो म्हणाला, मी माझा बसतो, रिकाम्या खुर्च्या सोडून. मी आत तेल बघत होतो. मग हाक सुरू झाली, मी चाक थांबवून बाहेर आलो, तर फलाटावर कुणी नाही. म्हटलं, बसला असेल."

"आणि चाक थांबवतोस ते नेहमी? एकदाही चुकत नाही?"

"मुलगी जन्मली त्या संध्याकाळीही थांबवलं होतं."

योझेफा मागे वळली. वाउटरचे बोल्ट, कॉर्नेलियाची फुटकी घंटा, आणि आपल्याला बसलेला तो हलका हिसका. काल खानावळीत फिल्म चालू होती आणि आपण हाक ऐकताना नेहमी करतो तेच केलं होतं. डोळे मिटले होते.

"अगं, कुठे निघालीस?" मेल्कने हाक मारली.

"बघायला," ती म्हणाली. "ऐकून झालंय माझं."

५

तिने सगळ्यांना चॅपेलात बोलावलं. गावकरी बाहेर गवतावर जमत होते. आत फक्त सहा माणसं आणि वेंडेलिन. मेल्कला तिने चाक योस्तच्या भावाच्या हाती देऊन यायला लावलं. योस्त कपाटापाशी उभा राहिला, वाउटर भिंतीला टेकला, कॉर्नेलिया दाराजवळच्या बाकावर बसली.

"एरविन," योझेफा म्हणाली, "मेल्कने तुझी कालची फिल्म बघितली नाही. दाखव ना त्याला. त्याचीच लिफ्ट, त्याच्याच मित्राची हाक. दुपारनंतर काय होईल कुणाला माहीत."

एरविनने तिच्याकडे बघितलं, मग मेल्ककडे. नाही म्हणता येण्यासारखं काही नव्हतं. त्याने कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला.

मेल्कने टोपी काढली. धुक्यातून रिकामी खुर्ची पुढे चालली होती. मग हाक सुरू झाली. योस्तचा आवाज त्या छोट्या पेटीतूनही तसाच, काळजाला हात घालणारा. खांब आला, गेला. दुसरा आला, गेला. खांबांवरच्या चाकांचा खडखडाट एका लयीत चालू होता. मरियेचं नाव आलं, वेंडेलिनचं नाव आलं. तिसरा खांब आला, गेला.

मेल्कच्या कपाळावर आठी पडली. त्याने पडदा जरा लांब धरला, मग जवळ.

"ही हाक योस्तचीच," तो हळू म्हणाला. "लिफ्टही माझीच. पण योस्त गातोय आणि माझं चाक फिरतंय, असं कधी झालं नाही."

वाउटर पडदा बघायला पुढे सरकला.

"मेल्क हाकेच्या वेळी चाक थांबवतो," योझेफाने बाकीच्यांना सांगितलं. "म्हणून वाउटरला एकाच खांबाचे बोल्ट मोजायला वेळ मिळाला. म्हणून कॉर्नेलियाच्या एकाच कानात एकच घंटा वाजत राहिली. आपण तिघंही अधांतरी लटकत होतो, आणि आपल्याला ते कळलंही नाही. पण ही खुर्ची एकदाही थांबत नाही. म्हणजे हे चित्र हाकेच्या वेळचं नाही. दिवसाच्या दुसऱ्या कुठल्या तरी फेरीचं आहे. धुक्यात दुपार काय नि संध्याकाळ काय, सारखीच. आवाज मात्र संध्याकाळचा, दुसरीकडे उभं राहून टिपलेला, आणि मग खोलीत बसून त्यावर चढवलेला."

"दुसरीकडे म्हणजे कुठे?" वाउटरने विचारलं, पण त्याचा आवाज बसला होता.

"जिथून स्थानकातलं चाक ना दिसतं ना ऐकू येतं. या चॅपेलातून. तो चाक थांबायच्या आधीच फलाटावरून निघाला होता, म्हणून त्याला ही रीत कळलीच नाही. नंतर पायवाटेने उतरला. ओल्या गवतातून. आपल्या सगळ्यांचे बूट काल कोरडे होते, एरविन. खुर्चीत बसून आलेल्याचे पाय भिजत नाहीत."

एरविनने वाद घातला नाही. तो उठला, कॅमेऱ्याच्या तिपाईची लांब पिशवी ओढून घेतली आणि तिचा तळ उघडला. आपल्या लोकरी गळपट्ट्यात गुंडाळलेला साचा काढून त्याने वेदीवर ठेवला. ठेवतानाही दोन्ही हातांनी ठेवला.

६

"वॅलिसची ती बंद लिफ्ट," योझेफा म्हणाली. "तुझ्या गावची?"

"माझ्या आजोबांनी बांधलेली." तो वेंडेलिनच्या पायांकडे बघून बोलत होता. "आमचा साचा कुणीतरी अडगळ म्हणून जाळला. चाप झिजले, लिफ्ट बंद पडली. पोरं आता शेजारच्या खोऱ्यात जातात, तिथे नव्या काचेच्या पेट्या आहेत. मी नवे चाप ओतून घेणार होतो आणि वसंतात साचा परत आणून ठेवणार होतो. साहेब आज येणार हे मला आत्ता सकाळी कळलं."

"मागितला का नाहीस?" हे मेल्कने विचारलं.

"कुठल्या तोंडाने? हिमलोटाने तुमचा खांब मोडला, तेव्हा तुमची माणसं घाट ओलांडून आमच्याकडे जादाचा खांब मागायला आली होती. आमच्या आजोबांनी दार उघडलं नाही."

योस्तने मान दुसरीकडे वळवली. त्या दिवसापासूनच त्याच्या बापाने चौथ्या दिशेला हाक देणं सोडलं होतं.

"साचा घेतलास, ते मी समजू शकते," योझेफा म्हणाली. "प्रेमाने माणूस आंधळा होतो. पण मघाशी स्थानकावर सगळे मेल्ककडे बघत होते, आणि तू काच पुसत बसलास. ते मी कसं समजून घेऊ?"

एरविनने तोंड ओंजळीत झाकलं, आणि कॉर्नेलियाने, जी कुणाला अरे-तुरे करत नव्हती, तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रड रे बाबा," ती म्हणाली.

मेल्कने साच्यावरून अंगठा फिरवला.

"त्या माणसांत मी होतो," तो म्हणाला. "तुझ्या आजोबाने दार उघडलं नाही, हे खरं. पण आम्ही निघालो तेव्हा तुझी आजी मागच्या दाराने आली. पाव आणि चीजचा एक तुकडा दिला, आणि म्हणाली, घाटात वारा आहे, जपून जा. आम्ही घरी येऊन बंद दाराचीच गोष्ट सांगितली. पावाची सांगायची राहून गेली. रागात माणूस अर्धीच गोष्ट सांगतो." त्याने योस्तकडे बघितलं. "तुझ्या बापालाही मी ती कधी सांगितली नाही. माझ्याकडून ती चोरीच झाली म्हणायची."

बाहेर गावकऱ्यांनी पहिल्या स्तोत्राचा सूर धरला होता.

"दुपारी साहेबांना तूच सगळं सांग, एरविन," मेल्क म्हणाला. "चाप कसा झिजतो ते तुला माझ्यापेक्षा बरं सांगता येईल. आणि साचा रात्री कुठे होता, तेही सांग."

एरविनने ते सांगितलं. साहेबांच्या आणि गावाच्या देखत, आपल्या तोंडाने, काही न झाकता. साहेबांनी चष्मा वर करून त्याच्याकडे बघितलं, मेल्ककडे बघितलं, मग साचा उलटापालटा करून पाहिला आणि परवान्यावर सही केली. बाकीचं तुमचं तुम्ही बघा, म्हणाले.

त्या संध्याकाळी धुकं विरलं होतं. शेवटच्या फेरीला एरविन एकटाच खुर्चीत बसला. मांडीवर साचा होता, वेदीच्या वस्त्रात गुंडाळलेला. वसंतापर्यंत उसना, असं मेल्कने सगळ्यांसमोर म्हटलं होतं. कॅमेरा पिशवीत बंद होता. मागच्या खुर्चीत योझेफा होती.

ते मध्यावर आले आणि टेकाडावर योस्तने नरसाळं तोंडाला लावलं. चाक थांबलं. दोर शांत झाला. उन्हात लाल झालेल्या कड्यांसमोर दोन खुर्च्या नुसत्या लटकत राहिल्या, आणि वरच्या स्थानकाच्या दारात एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला.

योझेफाने हात जोडले, पण या वेळी डोळे उघडे ठेवले. म्हणून तिला दिसलं. योस्तने पहिल्या दिशेला हाक दिली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिथे तो नेहमी नरसाळं खाली करायचा. आज त्याने ते खाली केलं नाही. क्षणभर थांबला, आणि मग सावकाश वॅलिसच्या कड्याकडे वळला.

पुढच्या खुर्चीत एरविनने साचा छातीशी धरला आणि मान खाली घातली. मेल्कने तरफेला हात लावायची घाई केली नाही.